विकत घेतलेला खेळ कोणाच्या मालकीचा?

(व्याख्यानाचा मजकूर)



व्हिडिओ गेमचा विषय निघाला की दोन मते हमखास कानांवर येतात. पहिले वडीलधाऱ्यांचे. मुले बिघडली, डोळ्यांना चष्मे लागले, अभ्यास बुडाला. आणि याला जबाबदार कोण, तर मुलाच्या हाती मोबाइल देणारे आईबाप. दुसरे मत स्वतःला व्यवहारी म्हणविणाऱ्यांचे. कंपन्या म्हणजे काही धर्मादाय संस्था नव्हेत. लोकांना जे हवे ते त्या विकतात. ज्याला नको असेल त्याने घेऊ नये. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. परंतु त्यांचा निष्कर्ष एकच निघतो, तो म्हणजे दोष घेणाऱ्याचा. विकणारा दोन्हींकडून निर्दोष सुटतो. आज हिशेब मांडावयाचा आहे तो या विकणाऱ्याचा. खेळ चांगला की वाईट, हा वाद तूर्त बाजूस ठेवता येईल. खेळणे ही माणसाची गरज आहे आणि श्रमिकाच्या मुलाचाही तिच्यावर हक्क आहे, एवढे गृहीत धरून पुढे जाण्यास हरकत नाही.

नफ्याची प्रेरणा नसेल तर नवे काही निर्माणच होणार नाही, हा या उद्योगाचा पहिला दावा. त्याचा स्वतःचा इतिहास मात्र या दाव्याला साक्ष देत नाही. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन या सरकारी प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाने प्रदर्शन पाहावयास येणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. त्याने त्याचे पेटंटदेखील घेतले नाही. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनी ‘स्पेसवॉर’ रचला, आणि तसले संगणक जेथे जेथे होते तेथे तो विनामूल्य पोहोचला. नफा आला तो यानंतर. स्पेसवॉरचे अनुकरण करून १९७१ साली नाणे टाकून खेळावयाचे यंत्र बाजारात आले. खेळ आधीच जन्मलेला होता. व्यापाराने त्याला नाण्याची फट तेवढी बसविली.

आणि ‘टेट्रिस’? जगातील सर्वाधिक खेळल्या गेलेल्या खेळांपैकी हा एक. तो १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सेई पाझित्नोव याने कामाच्या वेळात रचला. प्रथम तो हातोहात, नकला होत पसरला. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे: पुढे त्याचे हक्क परदेशांत विकले गेले तेव्हा तो पैसा राज्यसंस्थेकडे गेला आणि रचनाकाराला १९९६ सालापर्यंत त्यातील वाटा मिळाला नाही. समाजवादी म्हणविणाऱ्या राज्याच्या हातून असे घडले, म्हणून त्याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. निर्मात्याला डावलणारा मालक सरकारी असला म्हणून डावलणे न्याय्य ठरत नाही.

परंतु खाजगी मालकीचे रूप पाहावयाचे असेल तर अटारी या कंपनीचा इतिहास बारकाईने वाचावयास हवा. १९७२ साली कॅलिफोर्नियात निघालेली ही कंपनी १९७६ साली वॉर्नर कम्युनिकेशन्स या मनोरंजन क्षेत्रातील बड्या कंपनीने सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. पुढल्या वर्षी घरच्या दूरदर्शन संचाला जोडावयाचे तिचे यंत्र बाजारात आले. यंत्र एकदाच विकावयाचे, पण त्यात घालावयाच्या कॅसेटी पुनःपुन्हा विकावयाच्या, ही त्यातली खरी किमया. त्या काळी एक खेळ बहुधा एकच माणूस तयार करी. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे आणि आज्ञावलीही त्याचीच. तरीही वेष्टणावर त्याचे नाव छापले जात नसे. वॉरन रॉबिनेट या कारागिराने यावर एक तोड काढली. ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाच्या आपल्या खेळात त्याने एक गुप्त खोली ठेवली. ठिपक्याएवढी एक वस्तू शोधून काढल्याशिवाय त्या खोलीत शिरता येत नसे. शिरल्यावर दिसे ते फक्त त्याचे नाव. कंपनीच्या हे ध्यानात येईपर्यंत तो नोकरी सोडून गेला होता. देवळाच्या दगडावर आपली खूण कोरणाऱ्या पाथरवटाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

१९७९ साली कोणत्या खेळाची किती विक्री झाली याचा एक तक्ता कंपनीनेच रचनाकारांत फिरवला. असेच खेळ काढा, हे सुचविण्याचा हेतू होता. तो उलटला. डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन या चौघांनी बेरीज केली, तेव्हा कोट्यवधी डॉलरच्या विक्रीतील निम्म्याहून अधिक भाग आपल्या चौघांच्या खेळांचा असल्याचे त्यांना दिसले. त्यांचे वार्षिक वेतन काही हजार डॉलरांत मोजण्याजोगे होते. त्यांनी नाव आणि विक्रीतील वाटा मागितला. दोन्ही मिळाले नाही. ते बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही संस्था काढली. तिच्या वेष्टणावर आणि पुस्तिकेत रचनाकाराचे नाव असे. या संस्थेचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

इकडे अटारीने १९८२ च्या नाताळच्या विक्रीसाठी ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटाचे हक्क फार मोठी किंमत मोजून मिळविले. वाटाघाटी लांबल्या. नाताळ मात्र पुढे ढकलता येत नव्हता. ज्या कामाला एरवी अनेक महिने लागत, ते हॉवर्ड स्कॉट वॉर्शा याला सुमारे पाच आठवड्यांत उरकावे लागले. कॅसेटी लाखोंनी काढल्या आणि त्यांतील फार मोठा भाग खपला नाही. डिसेंबर १९८२ मध्ये अपेक्षित नफा घटणार असल्याचे जाहीर झाले. त्या घोषणेपूर्वी २३ मिनिटे कंपनीचे प्रमुख रे कसार यांनी आपले काही भाग विकले होते. पुढे अमेरिकेच्या रोखे आयोगाने कारवाई केली, तेव्हा गैरकृत्य मान्य न करता नफ्याची रक्कम परत करून हे प्रकरण मिटविण्यात आले. फेब्रुवारी १९८३ मध्ये उत्पादन हाँगकाँग व तैवानला हलविण्याचा निर्णय झाला आणि कॅलिफोर्नियातील १७०० कामगारांना घरचा रस्ता दाखविण्यात आला. त्या कामगारांना २३ मिनिटांची पूर्वसूचना लाभली असती तरी विकावयाला त्यांच्यापाशी भाग नव्हते. सप्टेंबरमध्ये न विकलेला माल न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डो या गावाच्या कचराभूमीत पुरून वर काँक्रीट ओतण्यात आले. २०१४ साली तो खणून काढला गेला. त्यातली एक कॅसेट आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

या प्रकरणाविषयीचे लोकमत मोठे बोधक आहे. ‘ई. टी.’ हा जगातला सर्वांत टाकाऊ खेळ आणि त्याने एक उद्योग बुडविला, अशी समजूत अनेक वर्षे रूढ होती. म्हणजे ठपका कोणावर, तर पाच आठवडे राबलेल्या त्या एका माणसावर! पाच आठवड्यांची मुदत कोणी ठरविली, मागणी न पाहता लाखो कॅसेटी काढण्याचा हुकूम कोणी दिला, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही.

मालकवर्ग मात्र या आपत्तीतून आपला धडा शिकला. कारागिराला अधिक वेळ द्यावा, हा तो धडा नव्हे. दारावर पहारा बसवावा, हा होता. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या निन्टेन्डोच्या यंत्रात एक कुलूपच बसविलेले होते. जिच्यात जुळती चकती नाही ती कॅसेट चालत नसे. बाहेरच्या रचनाकारांनी वर्षाकाठी किती खेळ काढावे हे निन्टेन्डो ठरवी आणि कॅसेटीही तिच्याकडूनच बनवून घ्याव्या लागत. त्याच कंपनीच्या मूळ जपानी यंत्रात हे कुलूप नव्हते. म्हणून त्याच्या स्वस्त नकला आशियाभर पसरल्या. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांतून ज्यांना ‘टीव्ही गेम’ म्हणत, त्यांतील पुष्कळ संच याच कुळातले. कायद्याच्या दृष्टीने तो व्यवहार निर्दोष होता, असे म्हणता येणार नाही. परंतु ती कॅसेट घेणाऱ्याची होती. ती शेजारच्या मुलाशी बदलता येई, भाड्याने आणता येई, धाकट्या भावाला देता येई, आणि दुकान बंद पडले तरी ती चालतच राही.

आज पूर्ण किंमत मोजूनही एवढे मिळत नाही. यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली विकलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपला सर्व्हर बंद करताच कायमचा संपला. ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांच्यापाशी तबकडी उरली, खेळ उरला नाही. कंपनीच्या लेखी ती विक्रीच नव्हती, वापराचा परवाना होता. दुकानात ‘विकत घ्या’ असे लिहावयाचे आणि कराराच्या बारीक अक्षरांत ‘परवाना’ म्हणावयाचे, हा शब्दच्छल इतका उघडा पडला की कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा करून त्यावर बंधन घातले. घेणाऱ्याला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्टपणे सांगितल्याखेरीज असा डिजिटल माल विकताना ‘खरेदी’ हा शब्द तेथे २०२५ पासून वापरता येत नाही. शब्द सुधारला. मालकी मात्र परत आली नाही.

आणि ज्याची मालकी विकत नाही, त्याचा पैसा पुनःपुन्हा घेता येतो. बंद पेट्यांचा प्रकार याच तत्त्वावर उभा आहे. आत काय निघेल हे न कळता पैसे भरावयाचे आणि हवा तो खेळाडू वा शस्त्र निघेपर्यंत भरत राहावयाचे. मटक्याच्या आकड्याशी याचे नाते कोणाही गिरणी कामगाराच्या घरात समजावून सांगावे लागणार नाही. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ साली अशा काही खेळांतील पेट्या जुगाराच्या कायद्याचा भंग करतात असे ठरविले. ब्रिटनच्या सरकारने २०२२ साली त्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणण्याचे नाकारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘फोर्टनाइट’ची मालक असलेली एपिक गेम्स ही कंपनी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत ५२ कोटी डॉलर भरावयास तयार झाली. त्यांपैकी २४ कोटी ५० लाख डॉलर गिऱ्हाइकांना परत द्यावयाचे होते. आयोगाचा आरोप असा की बटणांची मांडणीच अशी केली होती की एका चुकीच्या दाबाने पैसे कापले जावेत, आणि आईबापांच्या संमतीवाचून मुलांकडून खरेदी व्हावी. घरोघर ज्याला मुलाचे व्यसन आणि आईबापांची बेफिकिरी म्हणतात, त्यामागे पगारी माणसांनी विचारपूर्वक आखलेली बटणे असू शकतात, हे या प्रकरणाने दाखविले.

त्या पगारी माणसांचे तरी काय? वर जिचा उल्लेख आला ती अ‍ॅक्टिव्हिजन, नाव आणि वाटा मागणाऱ्या चौघांची संस्था, वाढत वाढत बडी कंपनी झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सुमारे ६९ अब्ज डॉलरना गिळली. तीन महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या खेळ विभागातील १९०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. अटारीच्या १७०० शी हा आकडा ताडून पाहावा. पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून यूबिसॉफ्टच्या शाखा आहेत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची नवी आवृत्ती येथे तयार होत असल्याचे २०२० साली जाहीर झाले तेव्हा तिच्या चित्रांची जगभर टिंगल झाली, आणि २०२२ साली ते काम माँट्रियलला नेण्यात आले. टिंगल करणाऱ्यांत आपलेही बांधव होते. काम वाईट दिसले की कामगार वाईट, हा न्याय अ‍ॅलामोगोर्डोपासून चालत आलेला आहे.

राहिला ‘नको असेल तर घेऊ नका’ हा युक्तिवाद. एकेकट्या गिऱ्हाइकाचे मुकाट्याने न घेणे कोणाच्या खिजगणतीत नसते. २०१७ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘बॅटलफ्रंट २’ या खेळातील पैशाची खरेदी प्रकाशनाच्या तोंडावर तात्पुरती थांबविली, ती हजारोंनी एकवटून केलेल्या गदारोळामुळे. ‘द क्रू’ बंद पडल्यावर युरोपात जी मोहीम उभी राहिली तिच्या निवेदनावर जुलै २०२५ अखेर दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या झाल्या. मागणी एवढीच, की विकलेला खेळ बंद करावयाचा असेल तर तो खेळण्याजोग्या स्थितीत सोडून जावे. हे परवडणारे नाही, असे उद्योगाच्या संघटनेने लगेच सांगितले. १९६२ चा स्पेसवॉर मात्र कॅलिफोर्नियातील एका संगणक संग्रहालयात त्याच जातीच्या जुन्या संगणकावर चालवून दाखविला जातो.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणाऱ्या खेळांवर आहे. बंद पेट्यांतून निघते ती वस्तू, पैसा नव्हे, असा बचाव कंपन्या अन्य देशांत करीत आल्या आहेत. येथे तो होऊ द्यावयाचा नसेल तर पेट्यांचा उल्लेख नियमांत नावानिशी असावा लागेल. फसव्या बटणांविरुद्ध केंद्रीय ग्राहक प्राधिकरणाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण त्यांचा आधार घेऊन तक्रार करावयास एकट्या पालकाला बळ पुरत नाही. ग्राहक संघटनांनी ती तक्रार सामुदायिक रीतीने दाखल करावी. विकलेला खेळ चालू ठेवण्याचे बंधन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घालून घ्यावे. आणि पुण्या-मुंबईत या धंद्यात काम करणाऱ्या मुलामुलींना ‘आयटीवाले’ म्हणून दूर न ठेवता कामगार संघटनांनी आपली दारे त्यांना उघडावीत.