बाळ उराशी, मोबाइल दूर

३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानतात. अशा बाळाला मातेच्या उराशी, अंगाला अंग लावून ठेवण्याची रीत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. जन्मतःच ती अवलंबावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले. पेडणे-डिचोलीची माता बांबोळीच्या इस्पितळातून घरी परतते, तेव्हा बाळाशेजारी मोबाइलही असतो. त्याच्या लहरींनी बाळाची वाढ खुंटते, हे सिद्ध झालेले नाही. मुळीच अपाय नाही, असेही ठामपणे म्हणवत नाही. मात्र अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. म्हणून मोबाइल दूर फळीवर ठेवावा. भयापोटी बाळाला मात्र उरापासून दूर करू नये; त्या उबेवरच ते वाढते.