नफा घेणाऱ्यानं जोखीम घेतली का?



 या परिषदेसाठी इस्लामी अर्थव्यवहार हा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, याचा विदर्भातल्या बुटीबोरीच्या किंवा हिंगण्याच्या कारखानदाराशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. या पद्धतीत प्रत्येक कराराला एकच गोष्ट विचारली जाते : नफा घेणाऱ्यानं जोखीम घेतली का? धर्म कोणताही असो, आपल्या ताळेबंदालाही हे विचारायला हवं, असं माझं मत आहे.

मूळ नियम थोडे आहेत. व्याज वर्ज्य. सट्टा वर्ज्य. सौद्यात मोठी अनिश्चितता नको. दारू, जुगार यांसारख्या धंद्यांत पैसा नको. मग भांडवल पुरवणाऱ्यानं कमवायचं कसं? त्यानं वस्तू विकावी, भाड्यानं द्यावी किंवा भागीदार व्हावं. मुराबहात वित्तसंस्था यंत्र आधी स्वतः विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून ते हप्त्यांनी तुम्हाला विकते. इजारात यंत्र तिच्याच मालकीचं राहतं, तुम्ही भाडं भरता. मुशारकात दोघांचं भांडवल असतं. नफा ठरेल त्या प्रमाणात, तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणातच.

मुराबहा म्हणजे कपडे बदललेलं व्याज, असा आक्षेप घेतला जातो. अनेक ठिकाणी तो खराही आहे. नफा प्रचलित व्याजदर पाहूनच ठरतो आणि यंत्राची मालकी कागदावर क्षणभर टेकून पुढे जाते. म्हणून कराराचं नाव बाजूला ठेवा. माल कुणाच्या ताब्यात होता, तो वाटेत बुडाला असता तर नुकसान कुणाचं झालं असतं, हे तपासा.

आपल्या घरचंच उदाहरण घेऊ. काटोल, नरखेड, वरुडकडे संत्र्याच्या बागेचा सौदा फळं हिरवी असतानाच होतो. व्यापारी अख्ख्या बागेची ठोक रक्कम ठरवतो, इसार देतो. पुढे गारपीट झाली किंवा भाव कोसळले की काही व्यापारी बागेकडे फिरकतच नाहीत. शेतकऱ्याच्या हाती उरतो तो इसार. इस्लामी धर्मशास्त्रानं फळ तयार होण्याची लक्षणं दिसण्याआधी झाडावरच्या फळांची अशी विक्री निषिद्ध ठरवली आहे. त्याऐवजी सलम हा करार मान्य केला आहे : प्रत, वजन आणि तारीख ठरवायची, पूर्ण किंमत आगाऊ मोजायची आणि माल अमुक एकाच बागेतला हवा, अशी अट घालायची नाही. शेतकऱ्याला हंगामाचं खेळतं भांडवल बिनव्याजी मिळतं. बाग बुडाली तर तो दुसरीकडून माल आणून देऊ शकतो. भाव पडण्याची जोखीम खरेदीदाराची, माल पोचवण्याची शेतकऱ्याची. भावी मालाच्या विक्रीचा करार आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यालाही मान्य आहे. संत्रा प्रक्रिया करणाऱ्या कंपनीनं हा करार जरूर अभ्यासावा.

बँकेच्या दारात मात्र अडचण आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचं आठवं कलम बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही. मुराबहा तिथेच अडतो. रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये आणि रिझर्व्ह बँकेच्या दीपक मोहंती समितीनं २०१५ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. २०१६ मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेनं बिनव्याजी कर्जाचा छोटा प्रयोगही केला. पण बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवल्याचं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात कळवलं.

तरीही कंपन्यांना वाटा मोकळ्या आहेत. पहिली भागभांडवलाची. मुंबई शेअर बाजारात २०१० च्या डिसेंबरात तासिस शरिया ५० हा निर्देशांक सुरू झाला. बहरीनच्या आओफी या संस्थेच्या निकषानुसार कंपनीचं व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांखाली आणि निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांखाली लागतं. कर्ज आवाक्यात ठेवणाऱ्या कंपनीला शरिया पाळणाऱ्या गुंतवणूकदारांचं दार उघडतं. दुसरी वाट भाडेकराराची आणि २००८ च्या कायद्याखालच्या मर्यादित दायित्व भागीदारीची. तिसरी परदेशातली सुकूक, म्हणजे मालमत्तेतल्या हिश्शाची प्रमाणपत्रं. अमेरिकेच्या जीई कॅपिटलनं २००९ मध्ये त्यातून ५० कोटी डॉलर उभे केले, ब्रिटिश सरकारनं २०१४ मध्ये २० कोटी पौंड.

खर्चाचा हिशेबही उघड मांडू. कर्जावरचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं, भागधारकाला दिलेला नफा होत नाही. मुराबहात जागेची विक्री दोनदा झाली तर मुद्रांक शुल्कही दोनदा. ब्रिटननं २००३ मध्ये कायदा बदलून हा दुहेरी बोजा काढला; आपल्याकडे तशी सवलत नाही.

आणि धोका. २०१७ मध्ये दाना गॅस या आखाती कंपनीनं आपलेच ७० कोटी डॉलरचे सुकूक अवैध असल्याचा दावा करून पैसे अडवले. २०१९ मध्ये बेंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायजरी कोसळली आणि हलाल परताव्याच्या भरवशावर पैसे गुंतवलेली हजारो सामान्य कुटुंबं उघड्यावर आली. दरमहा भरघोस परतावा जिथे सांगितला जातो, तिथे भागीदारी नसते, कारण भागीदारीत तोट्याचीही शक्यता लिहिलेली असते.

या परिषदेकडून मला तीन कामांची अपेक्षा आहे. सलम आणि इजाराचे भारतीय कायद्यात बसणारे मराठी मसुदे तयार करावेत. मुद्रांक शुल्काच्या दुहेरी आकारणीबद्दल राज्य सरकारला निवेदन द्यावं. आणि लेखापालांनी असा प्रत्येक करार तपासताना मालकी आणि ताब्याचा पुरावा मागावा. करार धर्मसंमत ठरवणाऱ्या शरिया मंडळाचं प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. दुपारच्या सत्रात मसुद्यांचं काम सुरू होईल. संत्र्याच्या सलमपासून सुरुवात करा, कारण मृग बहाराचे सौदे कुणासाठी थांबत नाहीत.