घराआधीं रस्ता



उदगीर हें नांव उच्चारतांच आपल्यापैकीं पुष्कळांना सन १७६० ची लढाई आणि सदाशिवरावभाऊ आठवतील. कांहींना २०२२ सालीं तेथें भरलेलें पंचाण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलन आठवेल. हे दोन्ही विषय भाषणास शोभण्याजोगे आहेत. परंतु मला आज बोलावयाचें आहे तें किल्ल्याविषयीं नव्हे व साहित्याविषयींहि नव्हे, तर गांवाबाहेर शेतांतून पडणाऱ्या नव्या रस्त्यांविषयीं. विषय रुक्ष आहे खरा. पण ज्यांना घर बांधावयाचें आहे, त्यांच्या मुलानातवंडांचें निम्में सुखदुःख त्यांत सांठवलेलें आहे.

देगलूरकडे जा, बिदरकडे जा, कीं नळेगांवच्या रस्त्यानें निघा. उदगीरच्या वेशीबाहेर एकच देखावा दिसतो. गेल्या हंगामांत जेथें तूर किंवा सोयाबीन उभें होतें, तेथें आतां चुन्याच्या पांढऱ्या रेघा आंखल्या आहेत, कोपऱ्याकोपऱ्यावर रंगविलेले दगड रोवले आहेत, आणि पुढें कोणत्या तरी ‘नगरा’चा फलक लागला आहे. घर एकहि नाहीं. तरीहि त्या वस्तीचें पुढील शंभर वर्षांचें भवितव्य त्या रेघांनीं ठरून गेलेलें असतें. घर मोडकळीस आलें तर तें पाडून दुसरें बांधतां येतें. विहीर आटली तर नळ आणतां येतो. पण रस्त्याच्या दोहों बाजूंस पन्नास मालक आपापल्या भिंती घालून बसले, म्हणजे तो रस्ता दोन हात वाढविणें याचा अर्थ पन्नास कुटुंबांच्या उंबरठ्यास हात घालणें असा होतो. कोणती नगरपालिका हें धाडस सुखासुखीं करील?

जुन्या गांवच्या गल्ल्या अरुंद होत्या, म्हणून त्यांना नांवें ठेवण्याची एक रीत पडली आहे. ती मला तितकीशी न्याय्य वाटत नाहीं. पायीं चालणारा माणूस व फार तर एखादी बैलगाडी, एवढेंच त्यांना सांभाळावयाचें होतें. आणि वैशाखांतल्या उन्हांत समोरासमोरच्या उंच भिंतींची सावली ही त्या अरुंदपणाची देणगी होती. शिवाय आपल्या भागांत रस्ता आधीं व वस्ती मागून, हा विचार अगदींच नवा आहे असें नाहीं. लातूरची गंजगोलाई पाहा. फैयाजुद्दीन नांवाच्या नगररचनाकारानें तिचा आराखडा केला आणि मधली गोलाकार इमारत १९१७ सालीं उभी राहिली. तिच्याभोंवतीं सोळा रस्ते येऊन मिळतात. कोणत्या रस्त्यावर कोणता व्यापार बसेल, हें लोकांनीं मागाहून ठरविलें. पण रस्ता कोठून कोठें जाईल, हें आधीं ठरलें होतें. उदगीर तेव्हां निजामाच्या राज्यांतील बिदर जिल्ह्यांत मोडत होतें. तें १९५६ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यांत व १९८२ सालीं नव्या लातूर जिल्ह्यांत आलें. जिल्हे बदलले तरी गोलाईचे रस्ते जेथल्या तेथें आहेत.

आज कायदा नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे, आणि डिसेंबर २०२० मध्यें राज्याच्या बहुतेक भागासाठीं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली आहे. तींत वस्तीच्या अंतर्गत रस्त्यांची रुंदी त्यांच्या लांबीवरून ठरविली आहे. दीडशे मीटरपर्यंत लांबीच्या रस्त्यास नऊ मीटर, त्यापुढें तीनशे मीटरपर्यंत बारा मीटर, आणि त्याहूनहि लांब असेल तर आणखी अधिक. चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर, किंवा त्याहून मोठी जमीन असेल तर दहावा हिस्सा मोकळा सोडावयाचा. तत्त्व सरळ आहे: जितका रस्ता लांब तितकीं घरें अधिक, आणि तितकी वर्दळ अधिक.

परंतु जमीन विकणाऱ्याच्या हिशेबांत हेंच तत्त्व उलटें फिरतें. दोनशे मीटर लांबीचा रस्ता काढावयाचा तर बारा मीटर रुंदी हवी. म्हणजे दोन हजार चारशे चौरस मीटर, जवळजवळ चोवीस गुंठे जमीन रस्त्यांत गेली. तोच रस्ता दीडशे मीटरवर थांबविला कीं नऊ मीटर पुरे होतात आणि तेरा गुंठ्यांवर भागतें. दहा गुंठे वांचले. आणि उदगीरसारख्या ठिकाणींहि दहा गुंठ्यांस आज काय मोल येतें, तें आपण जाणतां. मग रस्ता दीडशे मीटरवर थांबतो. पुढें काय? पुढें बांध.

हा बांध या सर्व कथेचें मर्म आहे. शेत एका सर्व्हे नंबराचें, रेखांकन त्या नंबरापुरतें. शेजारचा नंबर दुसऱ्याचा. तो पांच वर्षांनीं विकला जातो व त्याचें रेखांकन निराळा माणूस करतो. त्याचा रस्ता दहा मीटर अलीकडे येतो किंवा पलीकडे जातो. दोन्ही रस्ते एकमेकांस न भेटतां बांधाशीं येऊन थांबतात, आणि पुढें त्या बांधावर भिंत उभी राहते. भिंतीपलीकडच्या शाळेंत जावयास मुलाला दोनशे पावलें पुरलीं असतीं. पण तें आधीं मुख्य रस्त्यावर येतें, ट्रक व टेंपो यांच्यामधून अर्धा मैल चालतें, आणि मग दुसऱ्या वस्तींत शिरतें. शेजारच्या जमिनींतील रस्त्यांशीं मेळ घातला पाहिजे, असें नियमावलींत स्पष्ट लिहिलें आहे. तो मेळ पुष्कळदां कागदावरच राहतो, कारण शेजारच्या जमिनीचा नकाशा तेव्हां अस्तित्वांतच नसतो. माझ्या मतें रुंदीच्या आंकड्यापेक्षां या एका कलमाचें मोल अधिक आहे. रस्ता नऊ मीटर आहे कीं बारा, हें मागून विचारा. तो बांधापर्यंत पोंचून पलीकडे जाण्यास मोकळा ठेवला आहे कीं नाहीं, हें आधीं विचारा.

आतां त्या नऊ मीटरांत काय काय मावतें, तें पाहूं. गाड्यांना साडेपांच मीटर पुष्कळ झाले. तेवढ्यांत समोरासमोरून आलेलीं दोन वाहनें सहज निघून जातात. पायीं चालणाऱ्यासाठीं भारतीय रस्ते काँग्रेसनें सांगितलेली किमान मोकळी रुंदी १.८ मीटर. उरले १.७ मीटर, त्यांत एका अंगास झाडांची ओळ व दुसऱ्या अंगास गटार. म्हणजे काटकसरीनें वागलें तर सर्व कांहीं बसतें. प्रत्यक्षांत काय होतें? प्रत्येक घरमालक गाडी आंत चढविण्यासाठीं फाटकापुढें सिमेंटचा उतार रस्त्यावर काढतो. शेजाऱ्याचा उतार त्याहून चार बोटें उंच. पादचारी मग मधोमध चालतो. झाड लावावयास जागा नाहीं म्हणून झाड नाहीं, आणि झाड नाहीं म्हणून मे महिन्यांत कोणी बाहेर बसत नाहीं. कडुनिंब किंवा करंज यांस फार लाड लागत नाहींत. परंतु मुळांशीं हातभर उघडी माती तरी लागतेच.

दुसरी एक गोष्ट घरांतील मंडळींच्या नित्य अनुभवाची आहे. रस्ता खराब झाला कीं जुना थर न खरवडतां त्यावर नवा थर ओततात. असे तीनचार थर झाले म्हणजे रस्ता जोत्याच्या वर येतो, आणि पहिल्याच मोठ्या पावसांत पाणी उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरांत शिरतें. ज्यांनीं हौसेनें आधीं घर बांधलें त्यांचें घर खड्ड्यांत, मागून बांधणाऱ्याचें उंचावर. आमच्या काळ्या जमिनीचा स्वभावहि ध्यानांत घेतला पाहिजे. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. खालचा पाया मुरमाचा व घट्ट नसेल तर वरचें डांबर कितीहि चांगलें असो, तें टिकत नाहीं. म्हणून रस्त्याची अंतिम उंची, गटाराचा उतार आणि पाणी अखेर कोणत्या ओढ्यास मिळणार, या तीन गोष्टी नकाशावर आंकड्यांत लिहिलेल्या असाव्यात.

यावर कोणी म्हणेल, मग सरसकट रुंद रस्ते करा म्हणजे झालें! तेंहि खरें नव्हे. आणि याचा पुरावा लांब शोधावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार उडाला. त्यानंतर बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. दगडमातीच्या भिंती अरुंद गल्ल्यांत कोसळल्या होत्या. त्या भयानें लोकांनाहि मोकळी जागाच हवी होती. तेव्हां पुष्कळ गांवांत शहरी धर्तीचे रुंद, सरळ, काटकोनांत छेदणारे रस्ते आंखले गेले. पुढें अभ्यासकांना तेथें काय दिसलें? गांव पूर्वींच्या कितीतरी पट पसरलें. भावकीचीं घरें दूर पडलीं. पाराखालीं बसणें तुटलें. आणि एवढ्या लांबरुंद रस्त्यांची डागडुजी लहानशा ग्रामपंचायतीच्या आवांक्याबाहेर गेली. भीतीपोटीं काढलेली रुंदी सुरक्षित होती, पण ती मायेची नव्हती.

इंग्लंडांतहि हा वाद झाला आहे. तेथील आरोग्याच्या नियमांनीं सगळीकडे एकाच ठशाचे रुंद रस्ते सक्तीचे केले, तेव्हां लंडनजवळ हॅम्पस्टेड येथें नवी वस्ती रचणाऱ्यांनीं १९०६ सालीं पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदाच करून घेतला. लहान गल्लींतला पक्का रस्ता वीस फूटच ठेवला, मात्र समोरासमोरच्या घरांमध्यें पन्नास फूट अंतर सोडावें असें बंधन घातलें. पक्का भाग थोडा, मोकळा भाग मोठा. मध्यें झाडें व कुंपणें. आपल्याकडे याच्या नेमकें उलट घडतें. रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत पक्का होतो आणि पाणी मुरावयास वीतभर माती उरत नाहीं. ज्या लातूरला २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या जिल्ह्यांत तरी ही उधळपट्टी परवडणारी नाहीं.

रेखांकनच मंजूर न करतां गुंठ्यागुंठ्यानें जमीन विकली गेली म्हणजे काय होतें, त्याविषयीं थोडकेंच सांगतों. अशा वस्त्या नियमांत आणण्यासाठीं २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा झाला आणि २०२१ मध्यें त्याची मुदत २०२० च्या अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढविण्यांत आली. त्यानें कागद नियमित होतो. पंधरा फुटांची गल्ली पंधरा फुटांचीच राहते, आणि आगीचा बंब तिच्या तोंडाशींच थांबतो.

तेव्हां भूखंड घेण्यापूर्वीं फलकावरचें रंगीत चित्र बाजूस ठेवा. नगरपालिकेनें मंजूर केलेला नकाशा मागा. न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें तो मागतां येतो. मंजुरी तात्पुरती आहे कीं अंतिम, तें पाहा. रस्ते व गटारें विकणारा करून देणार आहे, कीं तुमच्यावर सोडणार आहे, हें लेखी घ्या. दहावा हिस्सा मोकळी जागा नकाशांत कोठें आहे तें पाहा. ती वस्तीच्या मध्यावर आहे, कीं कोणाला नको असलेल्या नाल्याच्या कांठची वांकडी पट्टी आहे? आणि एकदां पायीं जाऊन त्या रस्त्याच्या शेवटच्या दगडाशीं उभे राहा. शेजारच्या शेताचा मालक भेटला तर त्याला विचारा, कीं उद्यां त्यानें जमीन विकली, तर बांधाच्या या बाजूचा रस्ता तो पलीकडे पुढें नेऊं देईल काय?