करवंटीतले दोन चमचे दाणे

लालबागच्या एका चाळीतल्या आम्ही सात-आठजणी आज पाखरांच्या थंडीतल्या खाऊबद्दल बोलणार आहोत. संक्रांत जवळ आली की घरोघरी तीळ भाजले जातात आणि मुलं विचारतात, ‘चिमणीला काय?’

पूर्वी आमचं सोपं होतं. सकाळी गॅलरीत मूठभर ज्वारी फेकायची. चिमण्या दोन यायच्या, कबुतरं वीस. पुण्य केल्यासारखं वाटायचं. मग आमच्याच मजल्यावरच्या काकूंचा खोकला जाईना, जिना चढताना त्यांना दम लागू लागला. डॉक्टरांनी विचारलं, ‘घरापाशी कबुतरं बसतात का?’ वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली, तर काहीजणांच्या फुफ्फुसांना सूज येते. ती जुनी झाली की झालेलं नुकसान भरून येत नाही. आणि ज्वारी आमचीच होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा केवढे वाद झाले! आम्ही त्याआधीच मूठ आवरली होती.

पण कबुतरांबरोबर चिमण्याही गेल्या. मुलं हिरमुसली. मग आमच्यातल्या एकीने परदेशातला व्हिडिओ बघून वनस्पती तुपात दाणे घोळून लाडू केले आणि दोरीला टांगले. तिकडे बर्फात पाखरांना अंगात ऊब धरायला चरबी लागते. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी घामाच्या धारा! लाडू वितळून खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साडीवर ठिबकले. तो प्रयोग तिथेच संपला.

आता आमची रीत ऐका. दोन वाट्या बाजरी, एक वाटी राळा, एक वाटी तांदळाची कणी. निवडायचं, चाळायचं, कोरड्या डब्यात भरायचं. भाजायचं नाही, मीठ, तेल, गूळ काही नाही. हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची चौकोनांची तारेची जाळी आणून तिचा पिंजरा वळायचा आणि मधोमध नारळाची करवंटी टांगायची. करवंटी जाळीपासून चांगली वीतभर आत हवी. चिमणी चौकोनातून आत शिरते, कबुतर बाहेरून मान घालून बघतं आणि जातं. पिंजरा खिडकीच्या ग्रिलच्या आत, शेजाऱ्यांना विचारून. दाणे रोज दोनच चमचे, सकाळी. खाली जुनं ताट ठेवायचं, सांडलेलं संध्याकाळी उचलायचं. सफाई करताना कोरडा झाडू कधीही मारू नका, धूळ उडते. नाकाला फडका बांधा, आधी पाणी शिंपडा, मग ओल्या फडक्याने पुसा. करवंटी आठवड्याला गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.

बुलबुलाला दाण्यात रस नाही. त्याच्यासाठी पिकल्या पेरूची किंवा पपईची फोड तारेला अडकवा. ती एखादे वेळी कावळा पळवतो. पितृपक्षात ज्याची आपण एवढी वाट बघतो, त्याला थंडीत एक फोड मिळाली तर मिळू दे! मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, ते रोज बदला, म्हणजे डास होणार नाहीत. कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका. चिमणी पिल्लांना अळ्या भरवते, ते आपल्या डब्यातून मिळत नाही.

गिरगाव चौपाटीवर थंडीत उत्तरेकडून कुरव पक्षी येतात, त्यांना लोक शेव-गाठिया फेकतात. फोटो छान येतो, पण ते तळलेलं, खारट खाणं त्यांचं नव्हे. समुद्र समोर आहे, मासे त्यांचे ते शोधतात.

पिंजरा टांगायच्या आधी आम्ही काकूंना विचारलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘कबुतर दिसलं तर बंद करायचं, आणि ते मी सांगेन तेव्हा.’ आम्ही कबूल केलं. कालच दोन कबुतरं ग्रिलवर येऊन बसली आणि त्यांनी आठवडाभर दाणे थांबवायला सांगितले. आज सकाळी आम्ही फक्त पाणी भरलं.