लिहिण्याचीही पाळी असते

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या मंडळींनी आम्हाला विषय दिला, 'फावल्या वेळात लिहिणाऱ्याने वाचन-लेखनाची सवय कशी लावावी?' विषय ऐकून आधी हसूच आले. गिरणी कामगाराला फावला वेळ कुणी दिला होता? तो चोरावा लागे. आणि मुक्त लेखक म्हणजे तरी काय, तर बिनपगारी माणूस. लिहायचे, पाठवायचे, छापले तर छापले, मानधन आले तर आले. डोक्यावर मुकादम नाही. म्हणूनच सवय लागत नाही.

आम्ही साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा शिक्षण नववी नापास. पहिली पाळी सातची. पहाटे घाटकोपरला लोकल पकडायची, करी रोडला उतरायचे. साचा सुरू झाला की माणूस उभा राहिलाच पाहिजे. मन लागते की नाही, हे कुणी विचारत नसे. आता आमची पोरे म्हणतात, "काका, लिहायला मूडच येत नाही." अरे बाबांनो, कापड काय मूडवर निघत होते?

मग आम्ही लिहिण्यालाही पाळी लावून घेतली. दुपारपाळी असली की सकाळी दीड तास, सकाळची असली की रात्री जेवणानंतर. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त वाचायचे, कारण जड डोळ्यांनी लिहिलेले दुसऱ्या दिवशी आम्हीच फाडून टाकत असू. पुढे गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, पण ही पाळी सुटली नाही. दमलो म्हणायची आम्हाला लाजही वाटते. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ ला, आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत' निघाले. वकिली सांभाळून, चळवळ सांभाळून त्यांनी त्या पत्रात पानेच्या पाने स्वतः लिहून काढली.

वाचनाबद्दल थोडक्यात सांगतो. पुस्तक विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा आम्ही रद्दीवाल्याशी ओळख वाढवली. तो वजनावर देई, आम्ही आठवड्याला किलोभर वाचत होतो. त्यात काय काय वाचले म्हणून सांगू! अर्धी कादंबरी, पुढची पाने गायब. अडलेला शब्द वहीत उतरवायचा आणि रविवारी कुणा मास्तरांना गाठायचे. आपल्या याच घाटकोपरात, चिरागनगरच्या झोपडपट्टीत, अण्णाभाऊ साठे राहत होते. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवसाची. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पोस्टरे वाचत त्यांनी अक्षर पक्के केले असे जुने लोक सांगतात. त्यांची 'फकिरा' १९५९ ची, आणि ती त्यांनी अर्पण केली बाबासाहेबांच्या लेखणीला. तेव्हा जागा नाही, टेबल नाही, ही सबब घाटकोपरच्या माणसाने तरी सांगू नये. (मुलुंड-भांडुपवाल्यांनीही सांगू नये, हसू नका.)

आता आमच्या चुकीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय आम्हाला इथे बोलण्याचा अधिकार नाही.

वाचकांच्या पत्रव्यवहारात आमची दोन-चार पत्रे छापून आली होती, त्यामुळे मान जरा ताठ झाली होती. शेजारच्या एका वस्तीत पाण्याचे हाल होते. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणाले, तीनशे घरांना एकच नळ आहे. आम्ही घरी येऊन एका बैठकीत पत्र लिहिले. भाषा अशी जळजळीत की आम्हीच आमच्यावर खूश. पत्र छापून आले. आठ-दहा दिवसांनी पाहणीला माणूस आला, त्याला नळ सापडले चार. तीन कोरडे होते, महिनोन्महिने थेंब नव्हता. पण त्याने कागदावर एवढेच लिहिले की नळ चार, तक्रार खोटी. नवी पाइपलाइन पुढचे दोन पावसाळे रखडली. बायका पूर्वीसारख्याच पहाटे तीनला हंडे घेऊन हमरस्ता ओलांडत राहिल्या. त्यातल्या एका म्हातारीने आम्हाला हाक मारून विचारले, "लेका, एकदा येऊन बघितलं असतंस तर?"

त्यावर उत्तर नव्हते. आजही नाही.

तेव्हापासून खिशात वही आली. जागेवर जायचे, मोजायचे, तारीख आणि वेळ घालायची. ऐकलेले डाव्या पानावर, पाहिलेले उजव्या पानावर. लेखात घ्यायचे ते उजव्या पानावरचे, डाव्या पानावरचे घेतलेच तर 'असे सांगतात' म्हणून. ११ जुलै १९९७ ला माता रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, आपली दहा माणसे गेली. त्या आठवड्यात आम्ही मिळतील तेवढी वर्तमानपत्रे घेऊन एकच बातमी शेजारी शेजारी ठेवून वाचली. पोलिसांचे म्हणणे होते की गॅसचे टँकर पेटवले जाणार होते. पुढे गुंडेवार आयोगापुढे टँकर नेमके कुठे उभे होते आणि गोळ्या कुठे झाडल्या, हाच मुद्दा कळीचा ठरला. आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. संताप तर आपल्या सगळ्यांचा होता, तो खोटा नव्हता, पण चौकशीत विचारली गेली ती जागा आणि वेळ.

लिहून झाले की आम्ही ते मोठ्याने वाचतो. आमच्या घरच्या मंडळींना लिहिता-वाचता येत नसे, पण कान तिखट. भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "हे काय बोललात, पुन्हा सांगा." पुन्हा सांगावे लागलेले वाक्य खोडायचे. आमच्या अर्ध्या लेखांची कात्री त्यांचीच.

व्यवहाराचेही सांगतो, कारण तरुण मंडळी इथे फसतात. एक रजिस्टर ठेवा. कुठे पाठवले, कोणत्या तारखेला, परत आले का, छापले का, मानधन किती. प्रत ठेवल्याशिवाय लेख हातातून सोडू नका. एका साप्ताहिकाने आमचे तीन लेख छापून दमडी दिली नाही. विचारायला गेलो तर म्हणे, लेख आलेच नव्हते. तेव्हा रजिस्टरही नव्हते आणि प्रतही नव्हती. आता तुम्ही मोबाईलवरून पाठवता, प्रत आपोआप राहते म्हणता. राहते खरी, पण मोबाईल बिघडला की सगळेच जाते. आमच्या नातवंडांचे दोनदा गेले.

समितीने विहाराची मागची खोली दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा वाचन-लेखनासाठी द्यायचे कबूल केले आहे. चटई आहे, पंखा आहे, आम्ही स्वतः येऊन बसणार आहोत. ज्याला यायचे त्याने वही-पेन घेऊन यावे. पहिल्या रविवारी लेख आणू नका. आपापल्या गल्लीतले नळ मोजून आणा, चालू किती आणि कोरडे किती.

जय भीम.