मार्टिन आणि ओसा: एका जोडप्याची भ्रमंती

जोडीने यात्रा करण्याची आपली रीत जुनी आहे. काशीला जायचे तर दोघांनी मिळून जावे, म्हणजे पुण्य दोघांच्या पदरात सारखे पडते, असे आपण मानत आलो. पण यात्रेकरूंची वाट आधी कोणीतरी मळलेली असते. मुक्काम ठरलेले असतात, धर्मशाळा ठाऊक असतात. आज मला ज्या जोडप्याविषयी सांगायचे आहे, त्यांच्या मार्गावर धर्मशाळा नव्हत्या, आणि पुष्कळ ठिकाणी तर मार्गही नव्हता. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले मार्टिन जॉन्सन आणि त्यांची पत्नी ओसा हे ते जोडपे. १९१७ पासून १९३६ पर्यंत ही दोघे गलबतातून, मोटारीतून, बैलगाडीतून, पायी आणि शेवटी विमानातून हिंडली. दक्षिण समुद्रातली बेटे, बोर्निओ आणि आफ्रिका यांची चलचित्रे त्यांनी जगापुढे ठेवली.

मार्टिनचा जन्म १८८४ चा. वडिलांचे जवाहिऱ्याचे दुकान होते आणि दुकानात कॅमेरेही विकायला असत. मुलाला तिथेच छायाचित्रांचा नाद लागला. जॅक लंडन हे प्रसिद्ध लेखक ‘स्नार्क’ नावाच्या छोट्या गलबतातून जगप्रवासाला निघणार, हे त्याला कळले. त्याने आपणहून पत्र धाडले आणि स्वयंपाक्याची जागा मिळवली. स्वयंपाक येत होता असे मात्र नाही, बरं का! १९०७ साली सॅन फ्रान्सिस्कोहून गलबत सुटले. लंडन यांच्या आजारामुळे ती सफर अर्ध्यावरच संपली, पण मार्टिन परत आला तो जगाच्या त्या टोकाची छायाचित्रे घेऊन. ती पडद्यावर दाखवीत तो गावोगाव व्याख्याने देऊ लागला.

शनूट या गावातली ओसा लेइटी ही रेल्वेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांची मुलगी. १९१० साली दोघांचे लग्न झाले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. संसार मांडला तो नाटकगृहांच्या फेऱ्यांवर. मार्टिनने चित्रे दाखवून बोलायचे, ओसाने बेटांवरची गाणी म्हणायची, आणि उरलेला पैसा गाठीला बांधायचा. अशी सात वर्षे काढल्यावर कुठे पहिल्या दूरच्या प्रवासाचे भाडे जमले. लांबच्या प्रवासाची हकिकत सांगताना ही सात वर्षे बहुधा गाळली जातात. माझ्या मते प्रवासाची सुरुवात तिथेच झाली.

१९१७ साली ही दोघे सॉलोमन आणि न्यू हेब्रिडीज बेटांकडे गेली. न्यू हेब्रिडीज म्हणजे १९८० पासूनचे वानुआटू. तिथल्या मालेकुला बेटावर बिग नांबास नावाची जमात डोंगरात राहत असे. तिचा नायक निहापाट. त्याच्या माणसांनी दोघांना अडवून धरले. तेवढ्यात खाली समुद्रात ब्रिटिश लढाऊ जहाज दिसले आणि आपली सुटका झाली, असे जॉन्सन दांपत्याने सांगितले आहे. १९१८ साली त्यांनी या चित्रांचा बोलपट नव्हे, मूकपट लोकांपुढे आणला, आणि तो चांगला चालला.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९१९ साली ही दोघे त्याच बेटावर परत गेली. या खेपेला सोबत हत्यारबंद माणसे होती हे खरे, पण चित्र दाखवण्याचे यंत्रही होते. त्यांनी पडदा लावला आणि ज्यांची चित्रे घेतली होती त्यांनाच ती दाखवली. आपला नायक पडद्यावर हलताना पाहून जमलेल्यांनी एकच आरोळी ठोकली. मध्यंतरी मरण पावलेला एक माणूसही पडद्यावर चालता-फिरता दिसला आणि सगळे स्तब्ध झाले, असे मार्टिनने लिहून ठेवले आहे. ज्याचे चित्र आपण नेले, त्याला ते परत आणून दाखवावे, ही साधी माणुसकीची रीत. या जोडप्याने ती तेव्हा पाळली. हे लक्षात असू द्या, कारण पुढे त्याची आठवण करावी लागणार आहे.

१९२१ साली ती दोघे आफ्रिकेत गेली, आणि तिथे त्यांच्या कामाची खरी वाटणी झाली. त्या काळचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवावा लागे. दांडा एकसारख्या गतीने फिरला पाहिजे. भीतीने हात भरभर चालला की पडद्यावरची हालचालही बिघडली. आता कल्पना करा, समोरून गेंडा धावत येतो आहे आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाला मान वळवायचीही मुभा नाही. अशा वेळी त्याच्या शेजारी बंदूक रोखून उभी असे ती ओसा. गोळी केव्हा झाडायची हे तिने ठरवायचे. लवकर झाडली तर चित्र गेले, उशिरा झाडली तर नवरा गेला! मार्टिनचा हात स्थिर राहिला तो त्या बंदुकीवरच्या भरवशामुळे. चित्रपटाच्या जाहिरातीत ओसाचे नाव झळके ते धीट आणि देखणी साहसी स्त्री म्हणून. पण ती नुसती शोभेला नव्हती. तिच्यावाचून ते काम झालेच नसते.

केनयाच्या उत्तरेला मार्साबिट नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात एक सरोवर आहे. त्याला त्यांनी ‘लेक पॅराडाइज’, म्हणजे नंदनवनाचे सरोवर, असे नाव दिले. १९२४ साली तिथे राहण्यासाठी ती दोघे नैरोबीहून निघाली. जॉर्ज ईस्टमन यांच्यासारख्यांनी पैसा पुरवला होता आणि न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचा पाठिंबा होता. मोटारी, बैलगाड्या आणि मोठा हमालांचा तांडा असा तो लवाजमा कैसूतचे रखरखीत वाळवंट ओलांडून वर चढला. डोंगरावर मातीच्या भिंती आणि गवती छपराची घरे उभी राहिली. ओसाने भाजीपाल्याचा मळा केला. हत्तींना तो आवडला. रात्री येऊन ते रताळी खाऊन जात!

तिथे जवळजवळ चार वर्षे त्यांनी काढली. पाणवठ्याजवळ काटेरी झुडपांचा आडोसा करून दिवसचे दिवस बसायचे. रात्री जनावराचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडावा आणि छायाचित्र निघावे, अशी योजना करायची. कधी आठवड्याच्या बैठकीतून काहीच हाती लागत नसे. पण त्या धीराला फळ आले. हत्ती कसा पाणी पितो, कळप पिल्लाला कसा मध्ये घेतो, हे घरबसल्या पाहायला मिळाले ते या धीरामुळे.

आता आकाशातल्या प्रवासाकडे वळू. १९३२ साली ओसाच्या गावी, शनूटला, दोघे विमान चालवायला शिकली. पुढच्या वर्षी दोन विमाने जहाजावर घालून त्यांनी केप टाउन गाठले आणि तिथून उडत नैरोबीला पोचली. दोन्ही विमाने सिकोर्स्की बनावटीची, जमिनीवर आणि पाण्यावर सारखीच उतरणारी. मोठ्या, दोन इंजिनांच्या विमानावर झेब्र्याचे पट्टे रंगवले होते, त्याचे नाव ‘ओसाज आर्क’. लहानावर जिराफाचे ठिपके होते, ते ‘स्पिरिट ऑफ आफ्रिका’. मोठ्या विमानात निजायची सोय होती, छोटी चूलही होती. थोडक्यात, बिऱ्हाडच पाठीवर घेऊन उडायचे. मदतीला कसलेले वैमानिक होते. केनया पर्वताचे बर्फाच्छादित शिखर सतरा हजार फुटांहून उंच, पण त्याच्यावरून जाऊन त्यांनी चित्रे घेतली. तुर्काना सरोवर तेव्हा रुडॉल्फ या नावाने ओळखले जाई. त्याच्या पाण्यावर विमान उतरवून काठी मुक्काम टाकला. १९३४ पर्यंत सुमारे साठ हजार मैलांचे उड्डाण झाले असे सांगतात.

जमिनीवरून जे दिसत नाही ते विमानाने दाखवले. कळप केवढा, तो कुठून कुठे चालला आहे, मैदानाचा पसारा किती, हे सारे एका नजरेत आले. पण जवळचे काय दिसले? यंत्राच्या घरघरीने कळप उधळायचा. पाणवठ्यावर आठवडाभर बसून जे कळले, ते वरून कळणे शक्य नव्हते. वाहनाचा वेग वाढला की दिसणाऱ्या प्रदेशाची लांबीरुंदी वाढते, खोली मात्र वाढत नाही.

आणि इथेच मला या जोडप्याचा एक मोठा दोष सांगितला पाहिजे. जनावरांना त्यांनी वेळ दिला, माणसांना दिला नाही. काँगोच्या इतुरी अरण्यातल्या ठेंगण्या लोकांमध्ये त्यांनी चित्रे घेतली. १९३२ साली आलेल्या ‘काँगोरिला’ या बोलपटात त्या लोकांना चिरूट ओढायला आणि फुगे फुगवायला दिलेले दिसतात, आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकाने हसावे अशी सगळी मांडणी आहे. त्या अरण्यात ही माणसे पिढ्यानपिढ्या शिकार आणि मध गोळा करून राहत आली, त्यांना त्या रानाची खडान्‌खडा माहिती, त्यांची गाणी एकात एक गुंफलेली. यातले प्रेक्षकाच्या पदरात फारसे काही पडले नाही. हत्तीसाठी चार वर्षे दम धरणारा कॅमेरा माणसापुढे मात्र उतावीळ झाला. मालेकुलाच्या डोंगरावर पडदा लावून बसलेली हीच ती दोघे! त्यांची वाट सोपी करणारे वाटाडे, वाहक, आचारी यांच्याविषयीही चित्रपटांत मान कमी आणि थट्टा जास्त आहे. त्यांच्या हातांवाचून लेक पॅराडाइजचे एक घरही उभे राहिले नसते.

१९३७ च्या जानेवारीत दोघे व्याख्यानांच्या दौऱ्यावर होती. आफ्रिकेच्या रानावर हजारो मैल सुखरूप उडालेली ही दोघे स्वदेशात, साध्या प्रवासी विमानातून, तिकीट काढून चालली होती. कॅलिफोर्नियातल्या डोंगरावर ते विमान कोसळले. मार्टिन दुसऱ्या दिवशी वारला. ओसा जबर जखमी झाली, तरी चाकांच्या खुर्चीत बसून तिने व्याख्याने दिली. त्याच वर्षी एका चित्रपटाच्या कामासाठी ती पुन्हा आफ्रिकेला गेली. १९४० साली तिच्या नावाने निघालेले आत्मचरित्र प्रचंड खपले. १९५३ साली ती निवर्तली. १९६१ साली शनूटमध्ये दोघांच्या नावे संग्रहालय उभे राहिले.

आज आपल्यापैकी पुष्कळांना जोडीने दूरदेशी जाणे शक्य झाले आहे. सात वर्षे गाठ बांधावी लागत नाही, गेंड्यापुढे उभे राहावे लागत नाही. आठ दिवसांत पाच देश होतात, आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो. अशा वेळी या जोडप्याकडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, बरोबरीच्या भरवशाने काम वाटून घेणे. दुसरी, एखाद्या ठिकाणी मुद्दाम थांबणे, आणि ते केवळ तळ्यासाठी, हत्तीसाठी, डोंगरासाठी नव्हे. तिथे राहणाऱ्या माणसाजवळ बसावे, त्याचे चित्र घेतले तर ते आधी त्याला दाखवावे, आणि तो काय म्हणतो ते ऐकावे. तेवढा वेळ प्रवासाच्या बेतात आधीच धरून ठेवला पाहिजे, नाहीतर तो कधीच उरत नाही.