तुळईचे बळ



धाब्याच्या घरात निजणाऱ्याला माथ्यावरच्या तुळईचा भरवसा असावा लागतो. हा भरवसा मोजता येतो, हे गॅलिलिओने १६३८ साली ग्रंथात मांडले. भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकाला वजन टांगले, तर ती केव्हा मोडेल? त्याने सांगितले की, बळ रुंदीच्या प्रमाणात, पण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दोन इंच बाय सहा इंचांची फळी आडवी न टाकता उभी धरली, तर तिप्पट भार पेलते. आमच्या सुतारांना उभे धरणे ठाऊक होतेच. हिशेब मात्र नव्हता.

पण एवढ्या मोठ्या माणसाचाही हिशेब एका जागी चुकला. मोडताना सगळेच लाकूड ताणले जाते, असे त्याने धरले. वस्तुतः त्या तुळईचा वरचा भाग ताणला जातो, खालचा चेपला जातो. त्यामुळे त्याच्या सूत्राने बळ सुमारे तिप्पट भरते! फ्रान्समध्ये मारिओतने लाकडाच्या व काचेच्या कांड्या मोडून पाहिल्या, तेव्हा हा फरक उघड झाला.

आता आपला साग. इंग्लंडात वुलविच येथे पीटर बार्लो याने नाना लाकडांवर वजने चढवून ती मोडली व १८१७ साली ग्रंथ काढला. त्याच्या कोष्टकात साग इंग्लिश ओकच्या वर आहे. त्याच वर्षी मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. ती हार्टलपूलला आजही पाहावयास मिळते.

मात्र बार्लोचे तुकडे लहान होते. ब्राह्मणपुरीतल्या जुन्या तुळईत गाठ असेल, वाळवी असेल, वर पावसाने भिजलेली माती असेल. तेथे कोष्टकाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भार आम्ही तरी टाकू देणार नाही.